पांढरी तार

सर्जेकोटच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याला टेकून
माझा पत्रा आहे. खाली एक बाक, एक मीटर,
आणि वडिलांची पक्कड, तिचा एक दात गेलेला.

मीठ आधी स्क्रूला धरतं, मग टर्मिनलला,
मग प्लास्टिकच्या आतून चढत जातं.
बाहेरून काही कळत नाही. एखाद्या पहाटे मशीन
नुसती टिक म्हणते आणि गप्प.
साल काढली की आत सगळं हिरवं,
तांबं कळकलेलं.
आई कळकलेली आमटी गुपचूप ओतून द्यायची.
मी वीतभर वायर कापते, मग आणखी वीतभर,
लाल लागेपर्यंत.

कल्हई केलेली तार महाग पडते.
लोक म्हणतात, घरच्या फिटिंगची लाव गो,
फरक काय?
फरक दोन चवथींत कळतो.

मोतीराम कुबलांना लाल दोरी नको होती.
ती मनगटाला बांधायची, जुन्या टेलिफोनसारखी पिळाची.
माणूस पडला की क्लिप निघते,
पांढरी तार काळीला भिडते, मशीन मरते.
एवढंच. माणूस नाही तर ठिणगी नाही.
आणि क्लिप नसली तर मशीन लागतच नाही,
भांडण ह्याचंच होतं.

"जाळा ओढताना अडाकता. डायरेक्ट करून दी."
काका, नको, म्हटलं मी.
"मी काय आज होडयेत बसतंय?"

मी पांढरी कापली.
टोकावर हीटश्रिंक चढवलं, लायटरने आवळलं.
सुबक. माझी कामं सुबकच असतात.
पन्नास रुपये घेतले.

कवडा रॉकच्या बाहेर
उतरत्या जाळ्याने त्यांचा पाय धरला.
मशीन चालूच.
हात सुटला की हँडल एका अंगाला पडतं
आणि होडी गोल धरते,
आपल्याच माणसाभोवती.

"अकरा फेरे," ते माझ्या बाकावर बसून म्हणाले,
हातातला चहा निवत चाललेला.
"मोजलंय. दर खेपेक बुडी मारलंय.
वर इलंय तर परत तीच समोर,
तोंडार सातेरी प्रसाद लिवलेला."
बारावा अर्धाच झाला. पेट्रोल संपलं.

आता मला बोलतील, असं वाटलं.
मी पक्कड खाली ठेवली.
"पुढची हिरवी लाईट पेटणा नाय," ते म्हणाले. "बघ."

मी हिरवी बघितली. बल्ब ठीक होता, अर्थ कळकलेली.
ते तंबाखू आणायला गेले तेवढ्यात
ते दुसरं टोक शोधलं, ब्लेडने चिरलं.
आत पांढरी तशीच होती,
कोरडी, चकचकीत, एक ठिपका नाही.
इतक्या पाण्यात जाऊन मीठ तिथवर पोचलंच नव्हतं.
इतकं चांगलं झाकलं होतं मी.

जोडली. नवी दोरी अडकवली.
पिंपात पंखा बुडवून मशीन लावली, क्लिप ओढली.
मेली.
पुन्हा लावली, पुन्हा ओढली. मेली.
तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी.

आवाज ऐकून ते आले असणार. दारात उभे राहिले.
मग होडीत चढून दोरी दोनदा ताणली, सोडली,
पोर रबर सोडतं तशी.
पैसे लाईटचे विचारले. मी लाईटचे सांगितले.
दोरीचे वहीत कुठे नाहीत.

पहाटे होड्या सुटतात तेव्हा मी पत्रा उघडत असते.
खाडीच्या तोंडाशी त्यांची हिरवी दिसते,
बराच वेळ दिसत राहते.
मनगट एवढ्या लांबून दिसत नाही.